दोन मृत्युपत्रे आणि एक घर



पप्पांचा वर्षाचा कद्दीश झाला आणि त्यानंतरच्या रविवारी बॉटनी डाउन्सच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक १९८९ सालचा, अलिबागला केलेला, मराठीत, स्टॅम्पपेपरवर. दुसरा २०११ सालचा, ऑकलंडच्या वकिलांनी केलेला, इंग्रजीत, चार पानांचा. दोन्हींवर पप्पांची तीच सही, फक्त दुसरीत हात थोडा कापलेला. पहिल्यात लिहिले होते, गावचे घर आणि वाडी धाकट्याला. दुसऱ्यात लिहिले होते, माझे जे काही असेल ते चारही मुलांना सारखे.

आम्ही भावंडे चार. दादा अश्दोदला, ताई ठाण्याला, धाकटा अलिबागजवळच्या आमच्या गावी, आणि आम्ही इथे न्यूझीलंडला. त्या दिवसापासून दोन वर्षे आमच्यातली दोन माणसे एकमेकांशी बोलत नव्हती. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण मशिदी, शाळा, मोठी माणसे यांच्याबद्दल लिहितो. वाटण्यांबद्दल कोणी लिहीत नाही. पण कोकणातून मुंबई, मुंबईतून इस्राएल आणि पुढे इथपर्यंत आलेल्या आपल्या घरांचा खरा इतिहास या कागदांतही आहे. म्हणून आज त्याबद्दल.

सुरुवात तोरापासून करू. वारशाचा पहिला खटला बहिणींनीच घातला होता. सलाफहादला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का बुडावे? मुलगा नसेल तर मुलीला वतन द्यावे, असा निवाडा झाला. मुलगा असेल तर मात्र वारसा मुलांचा, आणि थोरल्याला दुप्पट वाटा. हा क्रम नुसत्या इच्छेने बदलता येत नाही, असे आपल्या शास्त्रकारांचे मत. ज्याला काही वेगळे करायचे असेल त्याने जिवंतपणी देऊन टाकावे. मरणाच्या दारात पडलेल्या माणसाला, म्हणजे ‘शखीव मेरा’ला, तेवढी सवलत. त्याचे तोंडचे शब्दही लिखित कागदासारखे मानले जात.

तोंडच्या शब्दांचे काय होते तेही तनाखमध्ये आहे. दावीद राजा म्हातारा झाला, अंगावर कितीही पांघरुणे घातली तरी ऊब येईना. तेव्हा त्याची सेवा करायला शुनेमची अबीशग आणली. इकडे अदोनियाने परस्पर मेजवानी घालून स्वतःला राजा म्हणवून घेतले. तिकडे बथशेबा दावीदाच्या खोलीत गेली आणि म्हणाली, शलमोन गादीवर बसेल अशी शपथ तुम्ही मला दिली होती. ती शपथ दावीदाने कधी दिली, ते आधीच्या कथेत कुठेच येत नाही. चाळीस वर्षे रुग्णांच्या उशाशी उभे राहिलेल्या आम्हाला या गोष्टीत एक ओळ नेहमी थांबवते. बथशेबा आत आली तेव्हा अबीशग तिथेच सेवेत होती, असे लिहिले आहे. राजाच्या डोक्यात काय चालले आहे, तो कधी भानावर असतो आणि कधी नसतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण तिला कोणी विचारले नाही. दावीदाने एक गोष्ट मात्र चांगली केली. आपण जिवंत असतानाच, सगळ्यांच्या देखत, शलमोनाचा अभिषेक करवला. तरीही पुढे भावाने भावाचा जीव घेतलाच.

कोकणात आपले पूर्वज घाणे चालवत, शब्बाथला बैल सोडत आणि त्यामुळे शनवार तेली म्हणवले जात. शब्बाथ, सुंता, शेमा यांत आपण वेगळे राहिलो, पण घर चालवण्याची रीत आजूबाजूच्या गावासारखीच. एकत्र कुटुंब, वाडी आणि घाणा मुलांकडे, मुलीला लग्नात दागिने. आमच्या आजीला बापाच्या वाडीतले एक झाडही मिळाले नाही आणि आपल्याला काही मिळायला हवे होते, असे तिच्या मनातही आले नसावे.

गंमत अशी, की कायदा तिच्या जन्माआधीच बदललेला होता. १८६५ साली ब्रिटिश सरकारने भारतीय वारसा कायदा केला. हिंदू, मुसलमान आणि बौद्ध यांना त्यातून वगळले, पण यहुदी त्यात आले. त्या कायद्यानुसार मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि मागे विधवा व मुले असली, तर एक तृतीयांश विधवेला, दोन तृतीयांश मुलांना, आणि मुलगा-मुलगी यांत भेद नाही. १९२५ च्या कायद्यातही हेच राहिले आणि आजही भारतातल्या बेने इस्राएलांना तोच लागू आहे. हिंदू मुलींना वारसा हक्क देणारा कायदा १९५६ चा, आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः समान हक्क २००५ चा. म्हणजे कागदावर आपल्या मुली शेजारणींच्या कितीतरी पुढे होत्या. पण अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा गावातल्या घरात तो कागद कोणी उघडून पाहिला नव्हता.

याचा परिणाम काय झाला? ज्या बापांना हा कायदा कळला, त्यांतल्या काहींनी मृत्युपत्रे केली ती मुलींना देण्यासाठी नव्हे, तर घर मुलाकडेच राहावे म्हणून. आमच्या पप्पांचे १९८९ चे मृत्युपत्र त्याच जातीचे. पण त्यांना नुसते वाईट म्हणता येत नाही. दादा इस्राएलला गेला होता, ताईचे लग्न झाले होते, आम्ही मुंबईला नर्सिंगच्या नोकरीत होतो. आई-पप्पांजवळ धाकटाच होता. विहीर उपसणारा, पावसाआधी कौले परतणारा, नारळ उतरवून घेणारा तोच.

आई गेल्यावर २००७ साली पप्पा आमच्याकडे ऑकलंडला आले. मुंबईची खोली विकून आलेले त्यांच्या वाट्याचे पैसे इथल्या बँकेत ठेवले होते. ते पैसे मागे अडकू नयेत म्हणून २०११ साली आम्हीच त्यांना वकिलांकडे नेले. वकिलांनी विचारले, दुसऱ्या देशात काही मिळकत आहे का? पप्पा म्हणाले, नाही. आम्ही बाहेर बसलो होतो, हे आम्हाला नंतर फाइलमधल्या टिपणावरून कळले.

पप्पा खोटे बोलले का? मुळीच नाही. त्यांच्या मनात ते घर १९८९ सालीच धाकट्याचे झाले होते. जे आपले नाहीच ते ‘माझी मिळकत’ म्हणून कसे सांगायचे? त्या नाहीवर वकिलांनी नेहमीचा मजकूर लिहिला, ज्याची पहिलीच ओळ अशी असते: याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. त्या एका ओळीने अलिबागचा कागद मेला. भारतातल्या जमिनीला भारताचाच कायदा लागतो, पण नंतरच्या मृत्युपत्राने आधीचे रद्द होते हे तो कायदाही सांगतो. इथल्या कागदावर दोन साक्षीदार होते, म्हणजे तिथल्या कायद्याच्या दृष्टीनेही तो पुरा होता.

धाकट्याला आम्ही फोनवर सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “म्हणजे मी इतकी वर्षं भाडेकरू होतो?”

ताईची बाजूही ऐका. ती म्हणाली, “आजीला काही नाही, आईला काही नाही. एकदा कुठे कागदावर सारखं आलंय, तर तुम्ही सगळे म्हणता पप्पांच्या मनात तसं नव्हतं. मुलीला मिळायची वेळ आली की नेमकं मन आठवतं!” या वाक्यावर आजही आमच्याकडे उत्तर नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनात आले होते की शेवटची नऊ वर्षे पप्पांचे सगळे आम्ही केले, तर चौथा हिस्सा काय फार झाला?

हे आपल्याच घरात घडते असे नाही. मराठी माणसाला मृत्युपत्राचा खटला म्हटले की ताईमहाराज प्रकरण आठवते. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युशय्येवर त्यांनी मृत्युपत्र केले आणि राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले लोकमान्य टिळक त्याचे एक विश्वस्त झाले. पुढे विधवा ताईमहाराजांच्या दत्तकावरून वाद पेटला. १९०१ साली औरंगाबादला जगन्नाथाचे दत्तविधान झाले आणि त्यानंतर कोल्हापूरकडचे बाळामहाराज हेही दत्तक म्हणून पुढे आले. एका मृत बापाचे, कागदाने झालेले दोन मुलगे. ताईमहाराज मधेच वारल्या. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाच्या बाजूने निकाल दिला तो १९१५ साली. बाबामहाराजांना जाऊन अठरा वर्षे झाली होती.

अलीकडचे उदाहरण सख्ख्या भावांचे. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी वारले. १३ डिसेंबर २०११ च्या त्यांच्या मृत्युपत्राला मुलगा जयदेव यांनी मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली. वडिलांची मनःस्थिती तेव्हा ठीक नव्हती, असा त्यांचा मुद्दा होता. भाऊ उद्धव दुसऱ्या बाजूला. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, घरातल्या गोष्टी वर्तमानपत्रांत छापून आल्या. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जयदेव यांनी हरकत मागे घेतली. सहा वर्षे गेली. न्यायालय कागद खरा की खोटा हे ठरवू शकते. वडिलांचे आपल्यावर प्रेम होते का, हे ठरवू शकत नाही, आणि पुष्कळदा भावंडे भांडत असतात ती त्याच प्रश्नावर.

मनःस्थितीबद्दल परिचारिका म्हणून दोन शब्द. १८७० सालच्या ‘बँक्स विरुद्ध गुडफेलो’ या इंग्लंडमधल्या खटल्यात जी कसोटी ठरली, तीच भारत आणि न्यूझीलंडमध्ये आजही लावतात. आपण काय करतो आहोत हे माणसाला कळते का? आपल्याकडे काय आहे याचा अंदाज आहे का? आपल्यावर कोणाचा हक्क पोहोचतो हे ध्यानात आहे का? आणि एखाद्या भ्रमामुळे त्याचे मन फिरलेले नाही ना? यात वय येत नाही आणि आजाराचे नावही येत नाही. आम्ही पाहिलेले सांगतो. तोच रुग्ण सकाळी दहाला नातवंडांची नावे क्रमाने सांगतो आणि संध्याकाळी सहाला आम्हाला आपली मेलेली बहीण समजतो. लघवीच्या साध्या जंतुसंसर्गानेही म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस भ्रम होतो आणि मग तो उतरतो. म्हणून मृत्युपत्र वॉर्डात करायची वेळच आणू नये. आणलीच तर सकाळी करावे, मुलांना खोलीबाहेर ठेवावे आणि त्या दिवशी डॉक्टरांकडून तपासून लेखी नोंद घ्यावी. ‘सिस्टर, इथे जरा सही करता?’ असे आम्हाला किती वेळा विचारले गेले याची गणती नाही. आम्ही कधीच केली नाही. पण त्या रुग्णाच्या कागदपत्रांत त्या दिवशी तो कसा होता, हे मात्र नेहमी नीट लिहिले. अबीशगला जे कोणी विचारले नाही, ते निदान लिहून तरी ठेवावे.

आता आपली घरे तीन-तीन देशांत विखुरलेली आहेत, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखे. भारतात मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. न्यूझीलंडमध्ये २००७ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही साक्षीदार सहीच्या वेळी एकत्र हजर पाहिजेत. इस्राएलमध्ये १९६५ च्या वारसा कायद्याप्रमाणे पूर्ण स्वतःच्या हाताने लिहिलेले, तारीख आणि सही असलेले मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही चालते. मरणोन्मुख माणसाचे तोंडी मृत्युपत्रही दोघांसमोर केलेले चालते. म्हणजे जुना शखीव मेरा तिथल्या कायद्यात अजून जिवंत आहे. पण आईवडील हयात असताना मुलांनी आपसांत केलेला वाटणीचा करार तिथे रद्दबातल. तिन्ही देशांत एक गोष्ट सारखी: ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला ठेवलेले त्याच्या हातून जाते. आणि भारतात व न्यूझीलंडमध्ये लग्न केले की आधीचे मृत्युपत्र सहसा रद्द होते. म्हातारपणी दुसरे लग्न करणाऱ्यांनी हे विसरू नये.

न्यूझीलंडचा कायदा आणखी पुढे जातो. मृत्युपत्रात डावललेले कुटुंब न्यायालयात दाद मागू शकते, ही सोय या देशाने १९०० साली जगात पहिल्यांदा केली. आज ती १९५५ च्या कुटुंब संरक्षण कायद्यात आहे. १९४९ चा एक कायदा तर ‘माझं कर, तुला मृत्युपत्रात ठेवीन’ असे सांगून सेवा करून घेतलेल्या माणसासाठीच आहे. मृत्युपत्रात चुकून उद्देश निसटला असेल तर उच्च न्यायालयाला ते दुरुस्त करण्याचाही अधिकार आहे.

आमच्या वकिलांनी हा शेवटचा रस्ता दाखवला होता. खर्च विचारला, वेळ विचारला आणि आम्ही घरी आलो. त्या रात्री दोन्ही कागद पुन्हा वाचले. इतके दिवस ते एकमेकांविरुद्ध वाटत होते. पप्पांच्या मनात ते कधीच एकमेकांविरुद्ध नव्हते. एक होता घरासाठी, दुसरा पैशांसाठी. एक लिहिणारा माणूस साठीतला, कौले गळतात का ते बघणारा; दुसरा ऐंशी पार केलेला, चारही मुलांना एकाच फोनच्या तारेवर धरू पाहणारा. शेजारी शेजारी ठेवून त्यांना भांडायला आम्ही लावले.

शेवटी आम्ही हे केले. दादाने आणि आम्ही गावच्या मिळकतीचे हक्कसोड पत्र धाकट्याच्या नावे केले, भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र साक्षांकित करून. दादाची सही सगळ्यांत शेवटी आली, त्याने कारण सांगितले नाही. ताईने घरावरचा हक्क सोडला, वाडीवरचा सोडला नाही, आणि आम्ही तिला सोडायला सांगितलेही नाही. आज सातबाऱ्यावर धाकट्याबरोबर तिचेही नाव आहे. आमच्या घराण्यात जमिनीच्या कागदावर आलेले हे पहिले मुलीचे नाव.

मागच्या वर्षी गावी मलिदा केला. तबकात पोहे, गूळ, खोबरे, खजूर, केळी. ताई आली होती. धाकट्याने तिला वाडीतले नारळ गाडीत भरून दिले. तिने विचारले, “माझ्या वाट्याचे की तुझ्या?” तो हसला नाही. पण पुढच्या वेळी तिच्या हिश्श्यातली झाडे मोजून त्यांच्या बुंध्यांना चुना लावून ठेवली होती.

वाचकहो, ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांना एकच विनंती. मृत्युपत्र कोणाच्या नावे आहे ते विचारू नका. किती आहेत, कुठल्या देशात आहेत आणि शेवटच्यात आधीचे रद्द केले आहे का, एवढे विचारा. सगळी भावंडे फोनवर असताना विचारा. आणि आईवडिलांनी ‘आमचं तिकडे काही नाही’ म्हटले, तर पुढचा प्रश्नही विचारा: मग ते घर कोणाचं?

शालोम.